डावीकडून तिसरी

सावंतमळा, पलूस
१८ जुलै १९७६

कृष्णात,

आशीर्वादाचा मजकूर या खेपेला वर लिहीत नाही. आईच्या पत्रात तो असतोच असं धरून पुढचं वाच.

तुझं पत्र परवा मिळालं. आबांच्या वर्षश्राद्धाला हेल्गाला घेऊन येतोस हे वाचलं आणि मी पोस्टमनला बसवून चहा केला. तो गेल्यावर दुसरं पान वाचलं. तू लिहितोस, एक गोष्ट सांगायची राहून गेली. हेल्गा गात नाही. कधीच गात नव्हती. ती औषधांच्या दुकानात कामाला आहे. ती रेकॉर्ड तू बाजारातून विकत आणली होतीस, तिच्यात हेल्गाचा आवाज कुठंही नाही. तेव्हा गावात कुणी तिला गायचा आग्रह केला तर तिचा घसा बसलाय असं मी सांगावं.

राहून गेली म्हणतोस. मीठ आणायचं राहून जातं. गोठ्याला कडी लावायची राहून जाते.

तू तिकडं जर्मनीत होतास, म्हणून इकडं काय काय झालं ते सांगते. तू परस्पर हेल्गाशी लग्न केल्याचं कळवलंस तेव्हापासून आबा तुझ्या पत्राला हात लावत नव्हते. मी वाचायला बसले की उठून उसात जायचे. वर्ष असंच गेलं. मग तुझा तो पुण्याचा मित्र ग्रामोफोनची पेटी आणि रेकॉर्ड घेऊन आला. जर्मनीतला शे-दीडशे वर्षांपूर्वीचा ऑपेरा, म्हणजे सगळं गाण्यातून चालणारं नाटक, आणि त्यातले निवडक भाग, असं त्यानं समजावून सांगितलं. बरोबर तुझी चिठ्ठी होती. तिसऱ्या भागात नवरीच्या मैत्रिणी मिळून गातात, त्यांच्यात हेल्गा आहे. ती पुढं उभी राहून गाणारी नाही, मागं धरणाऱ्यांतली आहे.

तुझा बाप तुला चांगला ठाऊक होता. जन्मभर भजनी मंडळात चाल सांगणारा माणूस. ‘पुढं म्हननारा कुनीबी म्हनंल, भजन मागं धरनाऱ्यावर चालतंय,’ हे तू रांगायच्या वयापासून ऐकलेलं. ती नाटकात राणी होते असं लिहिलं असतंस तर ते थुंकले असते. मागं धरणारी म्हटल्यावर वळून बसले. म्हणाले, म्हणजे आपल्या करवल्याच की. आणि चिठ्ठी मला परत वाचायला लावली.

मी वाचली. त्यांना अक्षर येत नव्हतं. तू पहिलीत होतास तेव्हा तुझ्या पाटीवर मी शिकले, पुढं पुड्यांचे कागद आणि वाचनालयातली पुस्तकं वाचून पक्की झाले. आपली बायको वाचते, हे ते चारचौघांत सांगायचे. तू तिकडून लिहिलेलं प्रत्येक खोटं माझ्या तोंडानं त्यांच्या कानात गेलंय, कृष्णात. तू नुसतं लिहिलंस. बोलले मी.

रेकॉर्डच्या कव्हरावर फोटो आहे. पांढऱ्या झग्यातल्या बायकांची ओळ, हातात फुलं. यातली आपली कोणची, हे आबांनी तुला विचारायला लावलं. तू उत्तर पाठवलंस, डावीकडून तिसरी. ते लिहिताना तू फोटो तरी समोर घेतला होतास, की मनानंच आकडा घातलास?

मग तुझी मनुबाई आत्या आली. सूनमुख बघितल्याशिवाय सून घरातली कशी होणार, असं तिनं धरलं. सासूनं आरशात सुनेचं तोंड बघायचं, तिच्या हातावर साखर ठेवायची, लुगडं द्यायचं, ते सगळं व्हायला पाहिजे. सून नाही तर तिचा फोटो आहे. पाट मांडला, पाटावर कव्हर उभं केलं आणि मी आरसा धरला. तोंड ते केवढं, ज्वारीच्या दाण्याएवढं. मी म्हटलं, मला तर काही दिसत नाही. आत्या म्हणाली, “दिसतंय म्हन आन साखर ठेव.” मी साखर ठेवली. कुंकू लावायला गेले तर बोट मोठं, फोटो बारका. शेजारच्या बाईलाही कुंकू लागलं. मंडळातले मृदंगवाले भाऊसो म्हणाले, “वैनी, दोन सुना केल्या व्हय?” त्यावर आबा हसले. तुझ्या लग्नाची बातमी आल्यापासून पहिल्यांदा हसले.

त्यानंतर दर गुरुवारी मारुतीच्या देवळातलं भजन सुटलं की मंडळ आपल्या सोप्यात यायचं आणि ती रेकॉर्ड लागायची. पहिले दोन भाग ते कसेबसे ऐकायचे. एक बाप्या ओरडायचा, एक बाई रडायची, भाऊसो म्हणायचे की यांचं भांडण कवा मिटणार. तिसरा भाग लागला की आबा हात वर करायचे. सगळे गप्प. त्या घोळक्यातून त्यांनी एक आवाज वेगळा काढला होता. मला सांगायचे, “ही बघ आली. लय वर जात न्हाई, पन सोडत न्हाई.” मला कधी ऐकू आला नाही. हळूहळू मंडळातल्या सगळ्यांना ऐकू यायला लागला.

सांगलीच्या दवाखान्यात शेवटी त्यांनी मला जवळ बोलावून निरोप दिला होता. तिला म्हणावं, आवाज जरा मोकळा सोड, लाजू नको. मी तो तुला जसाच्या तसा लिहिला. तू उत्तर दिलंस, सांगितलं, ती हसली. ते उत्तर मी खाटेजवळ बसून त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते परत वाचायला लावलं नाही. डोळे मिटून घेतले.

ती हसली, हे तुला सुचलं कसं रे?

घसा बसल्याचं मी सांगणार नाही. तू ये. मंडळासमोर बस आणि तुझ्या तोंडानं सांग.

आई


२२ ऑगस्ट १९७६

कृष्णात,

तुझं उत्तर नाही. कामात असशील.

इथं काय चाललंय ते ऐक. भाऊसो आणि मंडळातले चौघे रविवारी आले. भाऊसो म्हणाले, आबांच्या मागं मंडळ विस्कटल्यासारखं झालंय, वर्षश्राद्धाच्या भजनाला सगळे परत उभे राहणार. आणि त्यांची एक इच्छा आहे. सूनबाईंनी त्या दिवशी त्यांच्यात उभं राहून मागं धरावं. शब्द नाही आले तरी चालतील, सूर धरला की झालं.

आपल्या गावात बाईमाणूस अजून मंडळात उभं राहिलेलं नाही. मी भजन ऐकलं ते चुलीपासून. चाळीस वर्षं हे घरात चाली बसवायचे, मला सगळ्या पाठ आहेत, पण उभी राहा असं मला कुणी म्हटलं नाही आणि मी मागितलं नाही. हेल्गाला मात्र जागा ठेवली आहे. आबा म्हणे जिवंतपणी सांगून गेले होते, पोरगी आली की तिला आपल्यात उभी करीन, मग गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. हे मला माहीत नव्हतं. तुझ्या खोट्यानं त्यांच्याकडून एवढं करून घेतलं होतं.

मी तोंड उघडलं होतं. भाऊसो, असं म्हटलंही. पण त्यांनी पिशवीतून आबांचे टाळ काढले. त्यांनी ते घासूनपुसून नवीन दोरी लावून आणले होते, सूनबाईंच्या हातात द्यायला. मी टाळ घेतले आणि चहा टाकायला आत गेले.

ग्रामोफोनची पेटी दुरुस्तीला सांगलीला गेली आहे. शेजारच्या रंगूबाईनं हेल्गासाठी इरकल लुगडं काढून ठेवलंय आणि गोऱ्या अंगाला कोणता रंग उठून दिसेल यावर पाण्याच्या टाकीवर रोज बोलणं चालतं. तिला नेसता येत नसेल, तर कोण नेसवणार, याच्यावरून टाकीवरच्या दोघींत अबोला झाला.

मी कुणाला काही बोलले नाही. पुन्हा सांगते, हे माझं काम नाही. खोटं बोललास तू, फसले आबा. त्यांच्या माणसांसमोर त्यांची अब्रू जाणार असेल तर ती निदान त्यांच्या मुलाच्या तोंडून जाऊ दे. तू मान खाली घालून सांगितलंस तर लोक तुला बोल लावतील आणि आबांची कीव करतील. मी सांगितलं तर हसतील. चार वर्षं माणूस एका बाजारच्या रेकॉर्डीत आपली सून ऐकत होता आणि बरोबर सगळ्यांना ऐकायला लावत होता, असं म्हणून हसतील. मयत माणसाला हसलेलं परत फेडता येत नाही.

कधी येतोस तेवढं कळव. दसऱ्यानंतर पाच-सहा दिवसांनी तिथी आहे.

आई


२६ सप्टेंबर १९७६

कृष्णात,

तुझं पत्र आलं. बरोबर हेल्गाचा कागद आणि त्याचं तू केलेलं मराठी.

आधी तुझ्याविषयी. हेल्गाला आत्तापर्यंत यातलं काही माहीत नव्हतं, हे तू आता लिहितोस. माझी पत्रं वाचून दाखवताना तू अडखळलास, तिनं धरून बसवलं, मग सगळं बाहेर आलं. म्हणजे आबांचा निरोप तिच्यापर्यंत गेलाच नव्हता. ती हसली नव्हती. तिला हसायला तू काही सांगितलंच नव्हतंस. मला वाटत होतं, ती तुझ्या खोट्यात सामील आहे. गेले दोन महिने मी तिला मनातून काय काय म्हणाले, ते इथं लिहीत नाही.

आता ती येत नाही, आणि ती येत नाही म्हणून तूही येत नाहीस. कारखान्यात रजा मिळणं अवघड झालं, असंही घातलंयस. एकच कारण दिलं असतंस तर मी धरलं असतं.

तिचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. ती म्हणते, मी तुमच्या घरी दुसऱ्या कुणाच्या आवाजानं येणार नाही. ती म्हणते, तुमच्या नवऱ्यानं माझ्यावर माया केली असं कृष्णात म्हणतो, पण त्यांना मी माहीतच नव्हते, ती माया माझी नाही, मी ती घेऊ शकत नाही. आणि खाली, मला फार वाईट वाटतं, मी त्यांना स्वतःचं पत्र लिहायला पाहिजे होतं.

हे तू बदलून लिहिलं नाहीस ना? नसशील. एवढं सरळ तुला लिहिता आलं नसतं.

मला ती बाई आवडेल असं मी म्हणत नाही. पण तुझ्या घरातून आलेलं हे पहिलं वाक्य आहे ज्याच्यावर मी हात ठेवू शकते. तिला औषधांच्या दुकानात काय काम असतं, तेही लिहिलं असतंस तर बरं झालं असतं. आबांना ते चाललं असतं, कृष्णात. तुझ्या चुलत्याला दवाखान्यातल्या नर्सबाईनं वाचवला तेव्हा आबा तिच्या पाया पडले होते. तुला तेवढी वाट बघायची नव्हती. त्यांच्या रागाला एक वर्ष झालं होतं, तुला आणखी एक वर्ष धीर धरवला नाही, म्हणून तू त्यांना आवडेल अशी सून बाजारातून आणून दिलीस.

मी ठरवलंय. श्राद्धाच्या दिवशी भजन सुरू व्हायच्या आधी मीच सांगणार. तुझं पत्र पुरावा म्हणून जवळ ठेवते. हसले तर हसू देत. नाहीतर पुढच्या वर्षी टाळ वाट बघतील, त्याच्या पुढच्या वर्षी बघतील, आणि मी दर दसऱ्याला नवीन काहीतरी सांगत बसेन. तुझ्यासारखं.

आई


१७ ऑक्टोबर १९७६

कृष्णात,

श्राद्ध पार पडलं. पिंडदान तुझ्या चुलतभावानं केलं. कावळा लवकर शिवला. सगळे म्हणाले, आबांचं काही मागं राहिलं नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला मंडळ आलं. सोप्यात जागा पुरली नाही, अंगणात घोंगडी टाकली. पेटी दुरुस्त होऊन आली होती. मंडळाच्या ओळीत एक जागा रिकामी ठेवून तिथं आबांचे टाळ ठेवले होते. सूनबाई का आल्या नाहीत हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, नुसतं येत नाही म्हटलं होतं.

भाऊसोंनी मृदंगावर हात टाकायच्या आधी मी उंबऱ्यात उभी राहिले. म्हटलं, मला एक सांगायचंय. हेल्गा गात नाही. त्या रेकॉर्डीत ती नाही. पोरानं आबांना खोटं लिहिलं होतं आणि मी ते वाचून दाखवलं.

मला वाटलं होतं, कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडं बघत राहिले, आणि ते बघणं मला आधी कळलंच नाही. मग मनुबाई आत्या बोलली तेव्हा कळलं. ती रंगूबाईला सांगत होती, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “पोरगी आली न्हाई म्हनून राग धरलाय. आजच्या दिवशी तरी सासूपन बाजूला ठेवावं का न्हाई बाईनं?”

त्यांना वाटलं, मी खोटं बोलते. सुनेला मंडळात जागा दिली, मला कधी दिली नाही, म्हणून मी तिचं गाणं काढून घेते. मी म्हटलं, माझ्याकडं कृष्णातचं पत्र आहे, आणते. आणि आत वळले.

मागून भाऊसो बोलले. आवाज चढवला नाही. “वैनी, आबाला ऐकू येत हुतं. आमाला बी येतंय. तुमाला आलं न्हाई, ते तुमचं.” मग म्हणाले, “का आमचा आबा भुलला हुता म्हनताय?”

मी आतल्या खोलीत गेले. पत्र ट्रंकेत वरच होतं. हातात घेतलं. तिथून मला अंगणातली माणसं दिसत होती, पाठमोरी. त्यांच्यातल्या कुणाला सूर समजत नाही असं नाही. पंचवीस-तीस वर्षं एकत्र गाणारी माणसं. मी बाहेर जाऊन हे पत्र वाचलं असतं तर मी खरी ठरले असते, आणि आबा, भाऊसो, ते सगळे वेडे ठरले असते. दर गुरुवारी हात वर करून गप्प बसणारे वेडे. आबांची बाजू घ्यायला आता मी एकटीच आहे. तू नाहीस.

पत्र परत ठेवलं आणि बाहेर आले. म्हटलं, भाऊसो, चुकलं. राग आला होता.

ते म्हणाले, “असूंद्या वैनी. मानूस हाय.” आणि मृदंगावर थाप दिली.

भजन चांगलं झालं. त्या रिकाम्या जागेकडं बघून मागच्यांनी असं काही धरलं की शेजारच्या मळ्यातली माणसं येऊन उभी राहिली. शेवटी त्यांनी रेकॉर्ड लावली. तिसऱ्या भागाला बायका पदर डोळ्याला लावत होत्या. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. रंगूबाई जाताना जवळ आली आणि म्हणाली, “होतं गं कधी कधी. मी बी थोरल्या सुनंला लय बोलले हुते.” तिनं मला माफ केलं.

तेव्हा गावात आता असं आहे. हेल्गा फार मोठी गाणारी आहे आणि तिला एक खाष्ट सासू आहे. आबांचं नाव जिथल्या तिथं राहिलं. माझं गेलं, पण मला आता नावानं कुठं जायचंय.

तुला वाटेल, आपण येऊन खरं सांगू आणि आईला सोडवू. तो विचार करू नकोस. उशीर झाला. तू आता गावासमोर उभं राहून काहीही बोललास तरी म्हणतील, म्हातारीनं पोराला पढवला. ती तुझ्या हातची गोष्ट राहिली नाही. तुझं पत्र मी काल चुलीत घातलं. रेकॉर्ड आणि पेटी मंडळाला देऊन टाकली, त्यांनी मागितली होती.

आता हेल्गासाठी. हे तिला वाचून दाखव.

तिनं गावात येऊ नये. आली तर तिच्या हातात टाळ देतील आणि ती खरं बोलेल, आणि मग काय होईल ते मला सोसणार नाही. पण तिला यायचं असेल तर सांगलीला यावं. माझी बहीण तिथं गावभागात राहते, तिला यातलं काही माहीत नाही आणि गाण्याचं वेड नाही. मी दिवाळीनंतर महिनाभर तिथंच आहे. मला तिला बघायचं आहे, ज्वारीच्या दाण्याएवढी नाही, माणसाएवढी. आबांनी तिला दिलेला निरोप ती घेत नाही म्हणते, ते बरोबर आहे. मी दुसरा काही देणार नाही. नुसतं बसू. औषधांच्या दुकानात तिचा दिवस कसा जातो ते विचारीन.

या सगळ्यात खरं बोललेल्या आम्ही दोघीच, आणि आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही. तेव्हा तुलाही यावं लागेल. आमच्या मध्ये बस, आणि आम्ही बोलू तेवढंच सांग.

आई